क्वाशीबाचं पाणी

भिंतीपलीकडून भांडण आलं तेव्हा मधुमतीच्या हातात लाटणं होतं आणि तव्यावर पोळी. पोळी करपली, पण भांडण पूर्ण ऐकून झालं.

रीडिंग गावातली ती घरांची रांग म्हणजे एका लांब डब्याला आतून पत्रे घालून खण पाडावेत तशी. या खणात शिंकलं की पलीकडच्या खणातून 'ब्लेस यू' यायचं. मधुमतीला इंग्लंडात येऊन वर्षही झालं नव्हतं. शाळा चौथीत सुटलेली, इंग्रजी जेमतेम भाजीपुरतं. पण शेजारची व्हेल्डा आणि तिचा भाऊ क्लाइड हे बार्बाडोस बेटावरचे. इंग्रजांसारखं तोंडातल्या तोंडात बोलणं त्यांना जमायचं नाही. भांडताना एकेक शब्द ओट्यावर आपटून ठेवायचे, त्यामुळे वेचायला सोपे जायचे.

"दर रविवारी तू त्या वेदरली हॉलला जातेस," क्लाइड म्हणत होता. "त्यांच्या दारात."

"दारात नाही. मागच्या बाजूला."

"हो, मागच्याच बाजूला. आपल्याला तेवढंच दार ठाऊक."

"आजीनं मला सांगितलं होतं. तुला नव्हतं सांगितलं."

"आजीनं झोपवायला गोष्ट सांगितली, व्हेल्डा. तू ती नोकरी करून घेतलीस. काय मिळालं आपल्याला त्या घरातून? नाव मिळालं. वेदरली. माझ्या बसच्या बिल्ल्यावर तेच, तुझ्या लाँड्रीच्या कार्डावर तेच. त्यांचं नाव आपण आयुष्यभर वागवायचं, आणि तिचं नाव दगडावर घालायला त्यांचा हात दुखला."

मग पातेलं आदळलं, दार आदळलं, आणि क्लाइड पायऱ्या उतरून गेला.

यातलं सगळं काही मधुमतीला तेव्हा कळलं नाही, पुढे व्हेल्डाच्याच तोंडून कळलं. तेव्हा वेचता आलं ते एवढं: एक मोठं घर आहे, त्या घराचं आणि शेजाऱ्यांचं आडनाव एक आहे, आजीचा शब्द आहे, आणि यांच्या हाती काही लागलेलं नाही. झालं. तिनं मनाशी हिशेब लावून टाकला. हे भावकीचं भांडण. वाटणी झालेली नाही.

संध्याकाळी नवरा, ज्ञानेश्वर, कारखान्यातून आला तर म्हणाली, "अहो, शेजारणीला हिस्सा दिलेला नाही घरच्यांनी."

"तू पोळीकडे बघ," ज्ञानेश्वर म्हणाला.

पण बाईच्या मनातून ते जाईना. हिस्सा बुडालेली बाई म्हणून तिनं व्हेल्डाला कोथिंबिरीच्या वड्या नेऊन दिल्या, कधी शिरा दिला. व्हेल्डाला वाटलं, ही बाई फार मायाळू आहे. तिनं उलट नारळ घातलेला गोड पाव दिला. असं देणंघेणं चालू झालं, आणि एक दिवस मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मधुमतीनं सरळच विचारलं, "तू कोर्टात का जात नाहीस?"

"कशासाठी?"

"वेदरली हॉलसाठी. आडनाव एक आहे, म्हणजे रक्त एक. वाटा मागायचा."

व्हेल्डाच्या दातांत धरलेला चिमटा खाली पडला. कुंपणाला धरून ती हसत राहिली. धिप्पाड बाई, हसली की कुंपणाच्या फळ्या हलायच्या. मग हसू कधी थांबलं ते मधुमतीला कळलंच नाही.

"केस चांगली आहे, मॅडी," ती म्हणाली. 'मधुमती' तिच्या तोंडात कधी बसलं नाही. "पण कोर्ट कुठलं ते सांग."

आणि मग ओले कपडे टोपलीत तसेच ठेवून तिनं सांगितलं. वेदरली हे उसाचे मळेवाले. त्यांच्या मळ्यावर राबणारी माणसं त्यांनी विकत घेतलेली, गुरांसारखी. गुलामी सुटली तेव्हा त्या माणसांना आडनावं नव्हती, म्हणून मालकाचंच चिकटलं. रक्ताचं म्हणशील तर त्यातही काही आलं असेल, व्हेल्डा म्हणाली, पण ते कुणी विचारून आलेलं नाही.

त्या मळ्यावरची एक पोरसवदा बाई वेदरलींच्या मडमेनं तान्हं बाळ सांभाळायला म्हणून जहाजात घालून इंग्लंडला आणली. तिचं नाव क्वाशीबा. रविवारी जन्मली म्हणून क्वाशीबा. तिची धाकटी बहीण मागे राहिली. बाळ मोठं झालं, पण क्वाशीबा परत गेली नाही. ती बहीण मरेपर्यंत दर रविवारी तिच्या नावानं दारात पाणी सांडायची, आणि मरताना लेकीला सांगून गेली. लेकीनं तिच्या लेकीला सांगितलं. असं करत ते व्हेल्डाच्या आजीपर्यंत आलं. व्हेल्डा बोटीवर चढायला निघाली तेव्हा आजी म्हणाली होती, तू तिकडे जातेच आहेस, तर ती कुठे आहे ते बघ, तिला पाणी दे, आणि तिला नावानं हाक मार. तिला इतकी वर्षं कुणी नावानं हाक मारलेली नाही.

"रविवारची म्हणून क्वाशीबा," मधुमती म्हणाली. "आमच्या गावाकडे सोमवारची सोमी, बुधवारची बुधी."

"मग तुला कळलं," व्हेल्डा म्हणाली आणि चादर झटकली.

व्हेल्डा वेदरली हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. चोवीस तास वाफेत. रीडिंगमधल्या निम्म्या आजारी लोकांच्या चादरी तिच्या हाताखालून गेल्या असतील. लग्न केलं नाही. एक गृहस्थ होते म्हणे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे, पण त्यांना रविवारी दुपारी जेवायला घरी बायको हवी होती, आणि व्हेल्डा रविवारी दुपारी घरी नसायची. शनिवारी ती मक्याचं पीठ आणि भेंडी एका जाड लाकडी दांड्यानं घोटायची. तो आवाज भिंतीतून आला की मधुमतीला कळायचं, उद्या रविवार.

एका पितृपंधरवड्यात मधुमती तिच्याबरोबर गेली. बसनं गावाच्या टोकापर्यंत, मग पाऊलवाट. हॉल म्हणजे हे भलं थोरलं पिवळ्या दगडाचं घर, पुढे तळं, तळ्यात बदकं. त्या दिशेला व्हेल्डानं मान वळवली नाही. मागे, बर्फ साठवायच्या जुन्या कोठारामागे, झाडांखाली एक बुटका दगड होता. त्यावर लिहिलेलं व्हेल्डानं वाचून दाखवलं: येथे एक आफ्रिकन दाई विसावली आहे. तिच्या इमानी सेवेची आठवण म्हणून, वेदरली कुटुंब.

दहा पावलांवर लहान लहान दगडांची रांग होती.

"ही पोरं का गं?" मधुमतीनं हळूच विचारलं.

"कुत्रे," व्हेल्डा म्हणाली. "तो ज्यूनो. ती फ्लॉस. तो कॅप्टन. सगळ्यांची नावं आहेत."

मधुमती कुत्र्यांच्या दगडांकडे पाठ करून बसली.

व्हेल्डानं पिशवीतून दात घासायचा जुना ब्रश काढला, दगडावरचं शेवाळ घासलं. बाटलीतलं पाणी थोडं थोडं ओतत म्हणाली, "क्वाशीबा, मी व्हेल्डा." मग त्या आठवड्याच्या बातम्या सांगितल्या. क्लाइडला बढती नाही मिळाली. लाँड्रीत नवीन मशीन आलं. बेटावर पाऊस झाला. शेवटी गोड पावाचा तुकडा ठेवला. मधुमतीला यातलं काहीच नवीन नव्हतं. फक्त दर्भ नव्हता आणि गुरुजी नव्हते. ती सवयीनं कावळा शोधायला लागली.

अशी वर्षं गेली. ज्ञानेश्वर गेला. क्लाइडही गेला, शेवटपर्यंत बहिणीशी वाद घालत. मधुमतीच्या मुलानं, उदयनं, पुण्याची मुलगी केली. निवेदिता. एम-फोर हायवेच्या कडेला काचेच्या ऑफिसात काम करते, हुशार पोरगी, सासूला 'अहो आई' म्हणते आणि गोळ्या वेळेवर देते. व्हेल्डा लाँड्रीतून रिटायर झाली, कंबर वाकली, पण रविवारचं पाणी चुकलं नाही. तिनं कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं. गोष्ट तिथेच राहिली असती तर बरं झालं असतं.

पण दोन हजार सातचं साल जवळ आलं. गुलामांचा व्यापार बंद केला त्याला दोनशे वर्षं होणार, म्हणून देशभर कार्यक्रम ठरले. वेदरली कुटुंब केव्हाच उठून गेलेलं, हॉल आता एका ट्रस्टच्या ताब्यात. त्या ट्रस्टनं फिलिपा नावाची बाई नेमली. काम काय, तर वंशज शोधायचे. ती व्हेल्डाच्या चर्चमध्ये आली, पातळ आवाजाची, गळ्यात मण्यांची माळ, आणि उभी राहून विचारलं, वेदरलींच्या मळ्याशी कुणाच्या घराण्याचा संबंध आहे का. सगळ्या चर्चनं वळून व्हेल्डाकडे पाहिलं.

फिलिपा घरी आली. दगडाची गोष्ट ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते, मधुमतीनं स्वतः पाहिलं. म्हणाली, "मिस वेदरली, आपण तिचं नाव त्या दगडावर घालू. ऑगस्टमध्ये, सगळ्यांसमोर."

व्हेल्डानं हातातला कप खाली ठेवला. "लिहून घालणार? क्वाशीबा म्हणून?"

"हो."

त्या शनिवारी भिंतीतून घोटण्याचा आवाज आला तो नाच असल्यासारखा. व्हेल्डानं नवीन हॅट घेतली, जांभळी, वर पिसं. "मी सत्तरीची झाले मॅडी," ती म्हणाली. "मी गेले की तिला कोण हाक मारणार, एवढीच चिंता होती. दगड हाक मारेल आता. जो वाचेल तो हाक मारेल."

ट्रस्टची बैठक घोड्यांच्या पागेत होती. पागेचं टी-रूम केलेलं. व्हेल्डाला एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून मधुमती बरोबर गेली. नऊवारी नाही, साधी पाचवारी, वर कार्डिगन. दारात एक तरुण मुलगी बिल्ले वाटत होती. तिनं व्हेल्डाकडे पाहिलं, मधुमतीकडे पाहिलं, दोघींचा रंग पाहिला आणि दोन बिल्ले लावून टाकले. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'वंशज समाज'. मधुमतीला वाटलं, हा असल्याशिवाय चहा मिळत नसेल. तिनं तो पदराला नीट टोचून घेतला.

टेबलाभोवती ट्रस्टची माणसं, एक टायवाला इतिहासाचा डॉक्टर, आणि इकडे ह्या दोघी. वंशज म्हणून आणखी तिघंचौघं यायची होती, पण पाऊस होता आणि बस उशिरा होत्या.

डॉक्टर फार सभ्य माणूस. म्हणाला, "मिस वेदरली, क्वाशीबा हे नाव त्या काळी प्रत्येक मळ्यावर सापडतं."

"हो," व्हेल्डा म्हणाली. "आमच्याही मळ्यावर होतं."

"तसं नव्हे. ह्या दगडाखालची दाई तीच कशावरून? कागदात फक्त 'दाई' असं आहे."

"कागद त्यांनी लिहिले. आम्हाला लिहू दिलं नव्हतं. आम्ही लक्षात ठेवलं."

"अर्थात, अर्थात," डॉक्टर म्हणाला आणि पाणी प्याला. फिलिपा मण्यांशी खेळत होती. व्हेल्डानं वाफेनं सुजून राहिलेले आपले जाड हात टेबलाखाली घेतले. मधुमतीनं तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

मग तिला राहवेना. मैत्रिणीला आधार द्यायला हवा, असं मनात आलं. फिलिपानं तेवढ्यात तिच्याकडे वळून मऊ आवाजात विचारलंही, "तुम्हाला काय वाटतं? तुमच्या समाजात अशा वेळी काय करतात?"

आणि मधुमतीनं तिच्या समाजात काय करतात ते सांगितलं.

"आमच्यात ना," ती म्हणाली, "श्राद्धाला नावं घ्यावी लागतात. बायकांची नावं कुणाला आठवतात? माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं. माझ्या आजेसासूचं नाव कुणालाच आठवेना. गुरुजी म्हणाले, गंगा म्हणा, चालतं. गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणतात, तेही चालतं. नाव काही का असेना, मनापासून दिलेलं पाणी पोचतं. म्हणून मी म्हणते, क्वाशीबा लिहा. तुमचं काय जातंय?"

तिला वाटलं, आपण फार चांगलं बोललो. सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टर तर म्हणाला, "हे फार सुंदर आहे," आणि लिहूनही घेतलं. फिलिपानं तिच्या हातावर हात ठेवला.

व्हेल्डा मात्र तिच्याकडे बघत होती. रागानं नाही. चादरीवरचा डाग निघणार नाही हे लाँड्रीत जसं बघताक्षणी कळतं, तसं.

परतीच्या बसमध्ये मधुमतीनं विचारलं, "बरं झालं ना?"

"पाऊस थांबला," व्हेल्डा म्हणाली.

ऑगस्टमध्ये कार्यक्रम झाला. ढोल झाले, मुलांनी नाटक केलं, मेयर आला. व्हेल्डा जांभळी हॅट घालून पहिल्या रांगेत. दगडाला हात लावलेला नव्हता, समितीचं अजून चाललंय म्हणाले. पानं गळायला लागली तेव्हा फिलिपा घरी आली. मधुमती तिथेच होती, ताटलीत चकल्या घेऊन.

"मला फार वाईट वाटतं," फिलिपा म्हणाली. "समितीचं मत पडलं की खात्री नसताना दगडावर कोरणं बरोबर नाही. आपण पार्किंगजवळ एक छान बोर्ड लावू. 'अनाम दाईच्या आठवणीत'."

"तिला नाव आहे," व्हेल्डा म्हणाली.

"हो, पण..." फिलिपा अडखळली. "बैठकीत समाजाच्या सदस्यांनीच सांगितलं होतं ना, की नेमकं नाव महत्त्वाचं नाही. भावना महत्त्वाची. समितीला ते फार पटलं."

त्या बैठकीत दोन माणसं समाजाची म्हणून बिल्ला लावून बसली होती, त्यातली एक व्हेल्डा. दुसरी आता इथे चकल्यांची ताटली धरून उभी होती. व्हेल्डानं तिच्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच फार वाईट होतं. तिनं फिलिपाला दुसरा कप ओतला, दूध पुढे केलं, दारापर्यंत पोचवलं.

घरी आल्यावर मधुमतीनं सुनेला सगळं सांगितलं.

"अहो आई," निवेदितानं कपाळाला हात लावला, "तुम्ही कशाला गेलात तिकडे काश्यप-बिश्यप सांगायला? आणि तुम्ही डिसेंडंट कशा?"

"बिल्ला दिला होता."

"बिल्ला दिला म्हणून?"

"मग काय, परत द्यायचा होता? चहा होता ना."

निवेदिताला हसू आलं, मग सासूचा चेहरा बघून थांबलं. तिनं दुसऱ्या दिवशी ऑफिसातून ट्रस्टला फोन लावला. माझ्या सासूबाई त्या समाजाच्या नाहीतच, त्यांचं बोलणं धरू नका, असं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. तिकडून सांगितलं, नोंद घेतो. वर्ष संपलं तशी फिलिपाची नोकरी संपली, ती वर्षापुरतीच होती. पुन्हा फोन केला तेव्हा एका मुलानं सांगितलं, तो प्रोजेक्ट क्लोज झालाय, आता हॉल लग्नांना भाड्यानं देणार आहोत, हवं तर त्याचं पत्रक पाठवू का.

किती तरी रविवार व्हेल्डा एकटी गेली. मधुमती खिडकीतून बघायची. एकदा तर कोट घालून दारापर्यंत आली, मग परत फिरली. शनिवारचं घोटणं ऐकू यायचं, पण पाव येईना. थंडी संपत आली तेव्हा एका रविवारी दार वाजलं. व्हेल्डा उभी होती, हातात पिशवी.

"कोट घाल," ती म्हणाली. "माझ्यानं बाटली उचलवत नाही."

बसमध्ये मधुमती म्हणाली, "मी त्या डॉक्टरच्या घरी जाते. त्याच्या दारात बसते."

"बस तिथे. दोन दिवसांनी म्हणेल, हे फार सुंदर आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "तू नसतीस बोललीस तरी त्यांना दुसरं काही सापडलं असतं, मॅडी. पण तू बोललीस."

पुढे ट्रस्टनं हॉल लग्नांना द्यायला सुरुवात केली. बर्फाच्या कोठाराभोवती गुलाब लावले, फोटोसाठी कमान केली, आणि पाहुण्यांना एकांत मिळावा म्हणून सगळ्याला उंच जाळीचं कुंपण घातलं. पाऊलवाट वळवून रस्त्याकडेला आणली. कुत्र्यांचे दगड कमानीत छान दिसतात म्हणून राहिले. क्वाशीबाचा दगड होता की उचलला, हे बाहेरून दिसत नव्हतं. विचारायला गेलं की म्हणत, आधी अपॉइंटमेंट घ्या, पण रविवार नको, रविवारी लग्नं असतात.

व्हेल्डा मग कुंपणाबाहेर उभी राहून पाणी सोडायला लागली. तिथे जमिनीचा उतार रस्त्याकडे. सोडलेलं पाणी आत जाण्याऐवजी ह्यांच्याच पायाशी यायचं.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी व्हेल्डाला जे सांगायचं ते सांगितलं. पोटातलं होतं, पसरलेलं. तिनं मधुमतीला ते अंगणात सांगितलं, कपडे वाळत घालतानाच. मग क्लाइडच्या मुलाला बर्मिंगहॅमला फोन केला. सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, बहिणीची, जहाजाची, पाण्याची. तो गुणी पोरगा, बँकेत आहे. शांतपणे ऐकून म्हणाला, "आँटी, ते नाव मला टेक्स्ट करून ठेव ना, विसरायला नको."

व्हेल्डाला टेक्स्ट करता यायचं नाही. तिनं बरं म्हणून फोन ठेवला.

"मी जाईन," मधुमती म्हणाली. "मी म्हणत जाईन."

"तू नको. तू गेलीस की गंगा म्हणशील."

"क्वाशीबा म्हणीन गं."

"तुझे गुडघे बघ. बसच्या पायरीवर तुला दोघं लागतात." व्हेल्डा हसली. आता तिच्या हसण्यानं कुंपण हलत नव्हतं. "आणि तुझ्यानंतर कोण? तुझी सून? तिला अपॉइंटमेंट घ्यावी लागेल." मग चिमटे डब्यात टाकत म्हणाली, "क्लाइड म्हणायचा, ती फक्त गोष्ट आहे. आता गोष्टही नाही राहणार. राहू दे. माझ्यापुरतं मी केलं."

मधुमतीनं तोंड उघडलं, पण काही सांगण्यासारखं सापडलं नाही. ह्याआधी सापडलं होतं तेव्हा काय झालं ते तिला ठाऊक होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्या शेवटच्या निघाल्या. शेवटच्या, हे नंतर म्हणायचं. तेव्हा कुणी म्हटलं नाही. व्हेल्डाचा कोट तिच्यावर लोंबत होता, हॅट मात्र जांभळीच. बस चढताना ड्रायव्हरला नेहमीसारखं गुड आफ्टरनून म्हणाली. तो पण म्हणाला.

हॉलवर लग्न होतं. फाटकात कानाला वायर लावलेला तरुण उभा. व्हेल्डा त्याच्याकडे सरळ गेली. एवढ्या वर्षांत बोलावल्याशिवाय पुढच्या फाटकाला पहिल्यांदाच.

"वधूकडच्या की वराकडच्या?" त्यानं आदबीनं विचारलं.

"घरच्या," व्हेल्डा म्हणाली.

"नाव सांगाल का?"

"वेदरली."

त्यानं हातातल्या कागदावर बोट फिरवलं. "सॉरी मॅडम, ते घराचं नाव आहे."

"हो ना," व्हेल्डा म्हणाली, "तेच सांगतेय." आणि वळली. त्याला बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं मधुमतीकडे बघून खांदे उडवले.

दोघी रस्त्याच्या कडेनं हळूहळू जाळीपर्यंत आल्या. आतून बँडचा आवाज येत होता. व्हेल्डानं ब्रश काढला. घासायला दगड नव्हता, म्हणून जाळीच्या खांबाचं शेवाळ घासलं. मधुमतीनं झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली आणि खालून आपला हात लावला.

"क्वाशीबा, मी व्हेल्डा." मग बातम्या. क्लाइडच्या पोराला दुसरा मुलगा झाला. मॅडीच्या सुनेनं नवी गाडी घेतली, लाल. थंडी यंदा लवकर आली. स्वतःच्या पोटाचं काही सांगितलं नाही. पाणी जाळीखाली सोडलं. ते थोडं थबकलं, आणि नेहमीप्रमाणे मागे वळून दोघींच्या बुटांखालून रस्त्याकडे गेलं.

गोड पावाचा तुकडा खांबाशी ठेवला. कावळे होते, चांगले लठ्ठ होते, पण ते लग्नाच्या मांडवापाशी बसले होते. मधुमतीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

व्हेल्डानं बाटली उलटी करून झटकली, बूच लावलं, ब्रश रुमालात गुंडाळला, पिशवीची गाठ मारली.

"चल," म्हणाली. "दूध घ्यायचंय, दुकान चारला बंद होतं."

दोघी बसच्या थांब्याकडे निघाल्या. येताना व्हेल्डा नेहमीप्रमाणे दुकानापाशी एक थांबा आधी उतरली आणि दूध घेऊन घरी आली.